शिक्का वर, मोर्तब खाली

उमेदवारी असो, बदली असो की सोयरीक. शेवटचा होकार मिळाला की मराठी माणूस 'शिक्कामोर्तब झाले' म्हणतो. वर्तमानपत्रे तर हा शब्द आठवड्यातून दहादा छापतात. वापरून वापरून तो इतका गुळगुळीत झाला आहे की त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे ध्यानातही येत नाही. शिवकाळातल्या राजपत्रावर शिक्का मजकुराच्या माथ्याशी उमटे. मोर्तब, म्हणजे आकाराने लहान अशी मर्यादामुद्रा, मजकूर जिथे संपतो तिथे. हुकूम कुणाचा, हे शिक्का सांगे. हुकूम इथे संपला, याखाली कुणी ओळ घुसडली तर ती खोटी, हे मोर्तब सांगे. कागद लांबला तर बंदाला बंद चिकटवत आणि पाठीमागे सांध्यावर शिक्का मारत. मधला एखादा बंद कुणी बदललाच, तर शिक्क्याचे दोन अर्धे जुळत नसत. दफ्तरात नोंद झाली की कारकुनांचे 'रुजू', 'बार' असे शेरे पडत. एवढ्या बंदोबस्तात राजाची सही मात्र नसे. तिची गरजच नव्हती.

त्याच काळात लंडनमध्ये दुसरा चार्ल्स राजा स्वतःच्या हाताने सही करीत होता, आणि तीही कागदाच्या माथ्याशी. आधी नाव, पुढे 'राजा' या अर्थाचे एक लॅटिन अक्षर, खाली मजकूर आणि मजकुराच्या शेवटी सचिवाची प्रतिसही. महत्त्वाच्या कागदाला मेणाची मोठी मोहर. समुद्रापलीकडे डचांना राजाच नव्हता. त्यांचे सात प्रांत मिळून एक प्रतिनिधिसभा होती, 'स्टेट्स जनरल' नावाची, आणि करारमदार तिच्या नावाने होत. इंग्लंडने या सभेशी १६५२ ते १६७४ या बावीस वर्षांत तीन युद्धे केली आणि तेवढेच तह. (पहिल्या युद्धाच्या वेळी इंग्लंडलाही राजा नव्हता.) या व्यवहारातले सहीचे कागद आज लंडन आणि हेग इथल्या दफ्तरखान्यांत डोळ्यांत तेल घालून जपले जातात.

धुळे-जळगावच्या वाचकाला त्यांचे काय, असे कुणी विचारील. त्या कागदांची सावली पडलेला एक रस्ता आपल्या दारातून जात होता. सुरतेहून निघालेला माल आणि टपाल नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर असे करीत बऱ्हाणपूरला पोहोचे. लंडनच्या सहीचे वजन किती, हे लंडनमध्ये कळत नव्हते. ते या रस्त्याजवळ, धरणगावच्या इंग्रज वखारीत कळले.

आधी कागदांच्या जाती समजून घेऊ. दोन बरोबरीच्या सत्ता एकमेकींना बांधून घेतात तो तह. वरचा खालच्याला मेहेरबानीने देतो ते फर्मान. सत्ताधीश व्यापाऱ्याला, रयतेला किंवा शरण आलेल्याला अभय देतो तो कौल. इंग्रजांची हिंदुस्थानातली पहिली अडचण इथेच झाली. पहिल्या जेम्स राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ च्या पावसाळ्याअखेर सुरतेला उतरला आणि खानदेशच्या वाटेने नोव्हेंबरात बऱ्हाणपूरला गेला. तिथे शहजादा परवेझचा मुक्काम होता. पुढे अजमेरला जहांगीरसमोर उभे राहून रोने मागितला तो तह, दोन राजांनी बरोबरीने केलेला. मोगल दरबाराला ही मागणीच चमत्कारिक वाटली असणार. दूरच्या एका बेटाचा राजा आणि हिंदुस्थानचा पातशहा एका कागदावर शेजारी-शेजारी कसे बसणार? तीन वर्षे तिष्ठत राहून रोच्या हाती आली ती फर्माने. फर्मान दिलेला माणूस ते परतही घेऊ शकतो, हे रोला पक्के ठाऊक होते.

तहाची सही असूनही घोडे कसे अडते, याचे उदाहरण मुंबईचे. २३ जून १६६१ रोजी चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या विवाहाचा तह झाला आणि मुंबई बेट आंदणात गेले. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात असते. पुस्तकात सहसा नसते ते या तहाचे गुप्त कलम. पोर्तुगालने लेकीबरोबर बेट दिले ते हौसेने नव्हे. डचांनी त्यांचे एकेक ठाणे गिळायला सुरुवात केली होती. १६५६ साली कोलंबो गेलेच होते. म्हणून चार्ल्सने कबूल केले की तो डच आणि पोर्तुगीज यांच्यात मध्यस्थी करील आणि डच ऐकत नसतील तर पोर्तुगालच्या हिंदुस्थानातल्या ठाण्यांचे रक्षण करील. मुंबई म्हणजे डचांविरुद्ध घेतलेल्या विम्याचा हप्ता होता.

सप्टेंबर १६६२ मध्ये लॉर्ड मार्लबरोच्या हाताखालचे इंग्रज आरमार मुंबईसमोर आले. ताबा घ्यायला सर अब्राहम शिपमन आणि सुमारे चारशे शिपाई होते. ताबा देणारा पोर्तुगीज विजरई आंतोनियु द मेलु द काश्त्रु हाही याच आरमारातून आला होता. दोन राजांच्या मान्यतेचा कागद समोर असताना त्याने कागदावरच बोट ठेवले. अधिकारपत्राचा नमुना पोर्तुगालच्या रिवाजाप्रमाणे नाही, शिपमनचा अधिकार त्यातून नीट सिद्ध होत नाही. शिवाय मुंबई म्हणजे नेमके काय? एक बेट, की साष्टी आणि ठाणेही? आपल्या तालुका कचेरीत 'चतुःसीमा जुळत नाहीत' म्हणून नोंद अडवणाऱ्या कारकुनाला हा विजरई आपला पूर्वज वाटावा. त्याच्या हट्टाला राजकारणाचीही बाजू होती. जानेवारी १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली आणि इंग्रज मदतीला आले नाहीत. गुप्त कलमाचा हप्ता कबूल करूनही विमा मिळाला नव्हता. इकडे शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ टाकून वाट पाहत राहिले. तिथल्या रोगराईत शिपमन १६६४ साली मेला, त्याची बहुतेक माणसेही मेली. उरलेल्या मूठभरांना घेऊन शिपमनचा सचिव हम्फ्री कुक याने फेब्रुवारी १६६५ मध्ये मुंबईचा ताबा घेतला, तोही बऱ्याच अटी मान्य करून. तीन वर्षांनी, २७ मार्च १६६८ रोजी, राजाने सनद देऊन हे बेट ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने देऊन टाकले.

या सगळ्यात सही खोटी नव्हती की मोहर नकली नव्हती. अडचण एवढीच, की कागद जिथे लागू व्हायचा होता तिथे तो लिहिणाऱ्याचा हात पोहोचत नव्हता.

याची कबुली त्या काळचे तह स्वतःच देतात. इंग्रज-डचांचे तिसरे युद्ध १६७२ साली पेटले. फेब्रुवारी १६७३ मध्ये डच सेनानी रायक्लोफ फान खुन्स मोठे आरमार घेऊन मुंबईसमोर येऊन ठेपला. गव्हर्नर जेराल्ड आँजियरची तयारी पाहून माघारी गेला. मुंबईवर चालून जायला शिवाजी महाराजांनी माणसे द्यावीत आणि बदल्यात डचांनी सिद्दीकडची दंडाराजपुरी घेण्याच्या कामी मदत करावी, अशीही बोलणी झाली. महाराजांनी परक्याच्या भांडणात आपले माणूस घातले नाही. वर्षभराने वेस्टमिन्स्टरचा तह झाला. त्याच्या तारखा दोन: इंग्रजांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ९ फेब्रुवारी १६७४, हॉलंडच्या नव्या पंचांगाप्रमाणे १९ फेब्रुवारी. त्यात लढाई कुठे कधी थांबायची याचे कोष्टकच होते. जवळच्या समुद्रात बारा दिवसांत, पुढच्या टप्प्यांत काही आठवड्यांत आणि जगाच्या दूरच्या भागांत आठ महिन्यांनी. म्हणजे लंडनची शांतता हिंदी महासागरात पोहोचायला पावसाळा उलटून ऑक्टोबर उजाडणार, हे सही करणाऱ्यांना ठाऊक होते.

या आठ महिन्यांच्या पोटातच रायगडावर एक वेगळा कागद तयार होत होता. कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन मे १६७४ मध्ये गडाखाली पाचाडला आला. सोबत दुभाष्या नारायण शेणवी. ६ जूनचा राज्याभिषेक ऑक्झिंडनने डोळ्यांनी पाहिला. इंग्रजांच्या मागण्या वीस कलमांच्या होत्या. महाराजांनी बहुतेक मान्य केल्या आणि नेमक्या दोन अडवल्या. एक, इंग्रजी नाणे आपल्या राज्यात चालावे ही. दुसरी, किनाऱ्याला लागलेल्या फुटक्या जहाजांवरचा मालकाचा हक्क. नाणे आणि किनारा, सार्वभौमत्वाच्या या दोन खुणा सोडायच्या नाहीत, हे ज्याच्या राज्याभिषेकाला आठवडाही झाला नव्हता त्याला नेमके कळले होते. महाराजांच्या मान्यतेनंतर प्रधानांनीही कलमांवर निशाण्या केल्या आणि दरबारातल्या निराजी पंडितांनी तो कागद वकिलाच्या हाती दिला. १६६१ सालच्या राजापूरच्या इंग्रज वखारीच्या लुटीचे १०,००० होन भरून देण्याचेही ठरले. जहांगीरकडून रोला जो बरोबरीचा कागद मिळाला नव्हता, तो ऑक्झिंडनला रायगडावर मिळाला.

आणि तरीही पुढच्याच वर्षी, १६७५ च्या सुरुवातीला, मराठी फौजांनी खानदेशात मुसंडी मारली तेव्हा धरणगावची इंग्रज वखार लुटली गेली.

धरणगाव तेव्हा कापडाची मोठी पेठ होती. खानदेशचा कापूस, गावोगावचे माग, आणि सुरतेला माल पोहोचवणारा बैलांचा तांडा. इंग्रजांनी वखार घातली ती इथल्या बाफत्यांसाठी, म्हणजे सुती कापडासाठी. वखार लुटली गेल्यावर त्यांनी तहाचा हवाला दिला आणि भरपाई मागितली. ती मान्य झाली नाही. इंग्रजांना हा वचनभंग वाटला, पण कागद नीट वाचला तर महाराजांच्या बाजूचे तर्कशास्त्र दिसते. तह झाला होता तो स्वराज्यात व्यापार करण्यापुरता. धरणगाव मोगलाईत होते. शत्रूच्या पेठेत दुकान मांडायचे, जकात शत्रूला द्यायची आणि संरक्षण मात्र रायगडाकडे मागायचे, हा हिशेब जुळणारा नव्हता. १६७९ च्या अखेरीस मराठी फौजा पुन्हा आल्या, तेव्हा धरणगाव आणि चोपडा या दोन्ही पेठांची तीच गत झाली.

त्या दिवसांत खानदेशात कोणता कागद खरोखर चालत होता? १६७० च्या डिसेंबरात प्रतापराव गुजर या मुलखात उतरले, तेव्हा त्यांनी गावोगावच्या पाटील-मुकादमांकडून लेखी कबुलायती घेतल्या: वर्षाच्या वसुलाचा चौथा हिस्सा आम्ही देऊ. बदल्यात पावती मिळे आणि ती पावती दाखवणाऱ्या गावाला लूट माफ. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात हे नोंदवले आहे. त्या चिठोऱ्याला मेणाची मोहर नव्हती की लॅटिन अक्षर. पण ते देणाऱ्याचे घोडे परवा परत येणार होते. चोपड्याच्या सावकाराला आणि शिंदखेड्याच्या पाटलाला चार्ल्स राजाच्या सहीपेक्षा या पावतीची किंमत अधिक वाटली असेल, तर त्यांना अडाणी म्हणता येणार नाही. त्यांनी कागद बरोबर वाचला होता.

याचा अर्थ कागदाला किंमतच नसते, असा नाही. डचांनाही महाराजांच्या कागदाचा अनुभव आला. ऑगस्ट १६७७ मध्ये, कर्नाटकाच्या स्वारीत, तेगेनापट्टणच्या डच वखारीला दिलेल्या कौलात व्यापाराची मोकळीक होती आणि एक सक्त मनाई होती: आमच्या राज्यात माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री चालणार नाही. आधीच्या राजवटीत ती चालत होती, हेही त्यात म्हटले आहे. मुलूख हाती होता, म्हणून मनाईला अर्थ होता. सत्ता आणि शब्द एका ठिकाणी आले की कागद जिवंत होतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. हे सगळे आज आपल्याला ठाऊक आहे ते कशामुळे? धरणगावचा कारकून सुरतेला पत्र पाठवी. सुरतेचा कारकून त्याची नक्कल वहीत उतरवी आणि एक प्रत लंडनला रवाना करी. एक जहाज बुडाले तरी दुसऱ्यातून प्रत पोहोचावी म्हणून कधी दोन-दोन, तीन-तीन प्रती निघत. बाफत्यांचे भाव, बैलभाडे, लुटीची यादी, सगळे वहीत. त्यातले निवडक कागद 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या नावाने पुण्यात १९३१ साली छापले गेले. महाराजांनी डचांना दिलेल्या कौलाचा मजकूरही डच दफ्तरामुळेच हाती लागतो. युरोपात जे जपले गेले ते सगळे सरकारी कोठारातच होते असेही नाही. डचांविरुद्ध हात मिळवण्यासाठी चार्ल्सने फ्रान्सच्या चौदाव्या लुईशी १६७० साली डोव्हरला केलेला गुप्त तह चार्ल्सचा मंत्री क्लिफर्ड याच्या घराण्यात राहिला आणि १८३० साली पहिल्यांदा छापून जगासमोर आला. एकशे साठ वर्षे तो एका घरात होता. घरच्यांनी तो रद्दीत घातला नाही, एवढेच.

आपल्याकडे असे घर शोधत हिंडणारा माणूस धुळ्यात येऊन विसावला. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडामागून खंड काढली, एकूण बावीस. त्यासाठी त्यांनी वाडे, मठ, कुळकर्ण्यांची दप्तरे धुंडाळली. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि त्यांच्या मागे, १९२७ साली, धुळेकरांनी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे केले. शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते जपणारे समर्थ वाग्देवता मंदिरही याच गावात. दूरदूरचे अभ्यासक जे पाहायला धुळ्याची गाडी पकडतात, ते आपल्या कित्येक शाळांच्या सहलीच्या यादीत नसते.

राजवाड्यांनी गोळा केले तेवढेच शिल्लक आहे, असा समज करून घेण्याचे कारण नाही. २०२३ साली कुणबी नोंदींसाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरे उघडली आणि मोडी वाचणारी माणसे शोधताना प्रशासनाची दमछाक झाली. एका दाखल्यासाठी शेकडो वर्षांची लिपी पुन्हा निकडीची ठरली. शासकीय कागदांसाठी २००५ चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. घरातल्या कागदांना मात्र घरच्यांशिवाय वाली नाही. खानदेशातल्या जुन्या पाटील-देशमुखांच्या, सावकारांच्या, मठांच्या घरी माळ्यावर जुन्या कागदांचा एखादा रुमाल अजून असतो. तो उघडायला लोक कचरतात आणि त्याला कारण आहे. कागद निघाला की भाऊबंदकी निघते, ही एक भीती. अभ्यासासाठी म्हणून नेलेला कागद परत येत नाही, हा अनेकांचा अनुभव, ही दुसरी.

म्हणून आमची सूचना माफक आहे. कागद घराबाहेर नेऊ नये. त्याची छायाप्रत घरीच, मालकासमोर काढावी आणि मूळ कागद तिथेच ठेवावा. इंग्रज वखारवाल्यांनी केले ते एवढेच: नक्कल वेगळ्या ठिकाणी ठेवली. विद्यापीठ, धुळे-जळगाव जिल्ह्यांची प्रशासने आणि धुळ्याच्या जुन्या संस्था यांनी मिळून तालुकावार अशी मोहीम काढावी आणि मोडी वाचकाला मानाचा नारळ नव्हे, कामाचे दाम द्यावेत. घरच्यांनीही थोडी पथ्ये पाळावीत. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून, ओल नसलेल्या जागी ठेवावा. काजळाची शाई काळाला दाद देत नाही, पण गळक्या पत्र्यातून टपकलेल्या पावसाला देते.

धरणगावच्या शेजारीच एरंडोल. हे गाव एके काळी जाड्याभरड्या देशी कागदासाठी नावाजलेले होते. म्हणजे कापूस आपला, कागद आपला, लूटही आपल्याच अंगणातली. आणि तिची हकीकत वाचायला मात्र लंडनची वही उघडावी लागते. यात कुणावर रागवण्यासारखे काही नाही. त्यांनी जपले, आपण पुरेसे जपले नाही. या दिवाळीत साफसफाईला माळा उतरवाल, तेव्हा रुमाल रद्दीच्या ढिगात टाकण्याआधी एकदा उलगडा. मोडी येत नसली तरी चालेल. माथ्याशी शिक्का आहे का आणि खाली मोर्तब आहे का, एवढे कुणालाही दिसते.